डायल, लिव्हर आणि क्लच : गिअरची निवड आणि सराव कसा करावा

इंदुरात देवास नाक्याकडच्या शोरूममध्ये गाडी बघायला गेलेल्या माणसापुढे आता तीन तऱ्हा मांडल्या जातात. एका गाडीत ओळखीचा गिअर लिव्हर आणि पायाशी तीन पेडल असतात. दुसरीत लिव्हर तसाच असतो, पण क्लचचे पेडल नसते. तिसरीत लिव्हरही नसतो. दोन सीटांच्या मध्ये गॅसच्या शेगडीच्या बटणासारखी एक गोल डायल असते. विक्रेता ती फिरवतो, पडद्यावरचे अक्षर बदलते, आणि ‘किती सोपे आहे बघा’ असे म्हणून तो सनरूफकडे वळतो. सोपे ते आहेच. परंतु वीस-पंचवीस वर्षे क्लच दाबून गाडी चालवलेल्या माणसाच्या हातापायांना ज्या सवयी लागलेल्या असतात, त्यांतल्या काही डायलच्या गाडीत निरुपयोगी ठरतात आणि एक-दोन चक्क धोक्याच्या ठरतात. त्या कोणत्या, गाडी घेण्याआधी काय तपासावे आणि घेतल्यावर सराव कोणत्या क्रमाने करावा, हे या लेखात सांगितले आहे.

हाताखाली नेमके काय असते

मॅन्युअल गाडीचा लिव्हर हे अवजार आहे. तो दांड्यांनी किंवा केबलींनी थेट गिअरबॉक्सला जोडलेला असतो. आपण मनगटाने दिलेला जोर आतल्या फोर्कपर्यंत पोहोचतो आणि गिअर एकमेकांत बसतात. दोन गिअरांचा वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची रचना कॅडिलॅकने १९२८ साली गाड्यांत आणली, तेव्हापासून गिअर टाकताना होणारी खरखर बरीचशी थांबली. तरीही गिअर नीट बसला की नाही हे आजही तळहाताला कळते. लिव्हर अडतो, सैल पडतो, खटकन बसतो; न्यूट्रलमध्ये असला तर डावीउजवीकडे हलतो. अनुभवी चालक खाली न बघता कोणता गिअर पडला आहे ते सांगू शकतो, ते या स्पर्शामुळेच.

डायल हा मात्र स्विच आहे. तिच्यापासून गिअरबॉक्सपर्यंत कोणताही दांडा किंवा केबल जात नाही. डायल किती फिरली हे आतला सेन्सर ओळखतो, तसा विजेचा संदेश नियंत्रक संगणकाला जातो, आणि ब्रेक दाबला आहे का, गाडी थांबली आहे का हे पाहून तो संगणक गिअर बदलतो किंवा बदलत नाही. आपण डायल फिरवतो म्हणजे गिअर टाकत नाही, गिअरची मागणी करतो. मागणी मान्य झाली की नाही हे हाताला कळत नाही, पडद्यावरच्या अक्षरावरूनच कळते. पुढे सांगितलेली बहुतेक सगळी पथ्ये या एका फरकातून निघतात.

गिअरची जागा बदलणे आपल्याला नवे नाही. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत गिअरचा दांडा अनेक वर्षे स्टिअरिंगलाच होता, आणि बजाज चेतकवर तर एक पिढीच्या पिढी डाव्या हाताची मूठ फिरवून गिअर बदलत होती. पण तिथे क्लच होता, केबल होती, आणि मूठ जागेवर बसल्याचे मनगटाला कळत होते. मोटारीत गिअरसाठी डायल ठळकपणे आली ती २००७ साली दाखवल्या गेलेल्या जग्वार एक्सएफमध्ये. गाडी चालू केली की कन्सोलमधून ती डायल वर येत असे. २००८ साली जग्वार लँड रोव्हर टाटांकडे आली, आणि २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही या त्यांच्या विजेच्या गाडीबरोबर डायल मध्यमवर्गीयांच्या गाडीतही दिसू लागली. त्याच महिन्यात आलेल्या एमजी झेडएस ईव्हीतही डायलच होती. कंपन्यांना ती आवडण्याची कारणे उघड आहेत. जागा वाचते, कप आणि मोबाइल ठेवायला कन्सोल मोकळा होतो, आणि गाडीने स्वतःहून पार्क होण्यासारख्या सोयी देताना संगणकाला गिअर परस्पर बदलता येतो.

पहिली पायरी : डायलमागे कोणता गिअरबॉक्स आहे ते विचारा

‘डायल घ्यावी की लिव्हर’ हा प्रश्न मुळात अपुरा आहे. डायल असो, स्टिअरिंगमागची दांडी असो किंवा नेहमीचा लिव्हर, गाडीचे वागणे ठरते ते आतल्या यंत्रणेवरून.

आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने ती भारतात रुळवली. यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे मोटारी आणि पंप करतात. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान किंचित पुढे जाते. मॅन्युअलपेक्षा ती साधारण अर्ध्या लाखाच्या आसपास महाग पडते, आणि शहरातल्या फिरण्याला पुरते. इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची गाडी मऊ चालते आणि गर्दीत सर्वांत सोशिक असते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेली यंत्रणा, शांत असते, पण जोरात रेस दिली की आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची यंत्रणा, सर्वांत चपळ असते. मात्र तिच्या कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचच्या प्रकारात इंच-इंच सरकणाऱ्या रहदारीत उष्णता साठते. जवाहर मार्गावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्याने कोरड्या क्लचची डीसीटी घेताना दोनदा विचार करावा असे माझे मत आहे.

विजेच्या गाडीत तर आपण ज्याला गिअर बदलणे म्हणतो ते घडतच नाही. मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देऊ शकते, म्हणून पहिला-दुसरा-तिसरा अशी उतरंड लागत नाही. एकाच प्रमाणाचा रिडक्शन गिअर पुरतो. डायल आर (रिव्हर्स) वर नेली की मोटर उलट्या दिशेने फिरते, इतकेच. आपल्या बाजारात डायल जास्त करून विजेच्या गाड्यांतच आढळते, म्हणून ‘मॅन्युअल सोडून डायल’ हा निर्णय पुष्कळदा ‘पेट्रोल सोडून वीज’ असा असतो. तेव्हा घरच्या चार्जिंगचा विचार आधी करावा, डायलचा नंतर.

दुसरी पायरी : पी आहे का ते पाहा

ही पायरी छोटी दिसते, पण या लेखातली सर्वांत महत्त्वाची आहे. डायलवर किंवा तिच्या मध्यभागी पी हे अक्षर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पी म्हणजे पार्क. त्या स्थितीत गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक लोखंडी खुंटी अडकते आणि गाडी जखडली जाते.

किआ ईव्ही६ मध्ये डायलच्या मध्यावर पी चे बटण असते. पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या डायलवर मात्र आर, एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे) आणि एस (स्पोर्ट) एवढेच होते. पी नव्हते आणि हाताने ओढायचा हँडब्रेक होता. एएमटी गाड्यांच्या लिव्हरवरही पी नसते. त्या गाड्या वाईट आहेत असे यातून निघत नाही, परंतु त्या उभ्या करण्याची पद्धत वेगळी आहे.

मॅन्युअल गाडी आपण चढावर पहिल्यात आणि उतारावर रिव्हर्समध्ये टाकून बंद करतो, कारण बंद इंजिनाचा दाब चाकांना अडवून धरतो. एएमटीतही लिव्हर डी किंवा आर मध्ये ठेवून इंजिन बंद केले की गिअर अडकलेला राहतो. पी नसलेल्या विजेच्या गाडीत असे काहीच नसते. डायल डी वर ठेवून गाडी बंद केली तरी मोटर मोकळीच फिरू शकते. तिथे सारी भिस्त हँडब्रेकवर असते. ‘गिअरमध्ये टाकली आहे, आता कुठे जाते’ हा जुना भरवसा अशा गाडीबाबत बाळगू नये. हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि उतारावर चाके वळवून ठेवावीत. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर चाके फुटपाथाच्या दिशेने वळवावीत. चढाकडे असेल तर उलट दिशेने, म्हणजे मागे सरकलीच तर पुढचे चाक फुटपाथाच्या कडेला टेकते.

तिसरी पायरी : शोरूममध्ये बसून तपासणी

टेस्ट ड्राइव्हला निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच दहा मिनिटे मागून घ्यावीत. सुरुवातीला डायलची जात ओळखावी. काही डायली फिरवल्या तिथे थांबतात, म्हणजे डी वर नेली की खूणही डी समोर राहते. काही डायली फिरवून सोडल्या की स्प्रिंगने पुन्हा मध्यावर येतात. उजवीकडे फिरवली तर डी, डावीकडे फिरवली तर आर. या दुसऱ्या प्रकारात डायलकडे बघून गाडी कशात आहे ते कळत नाही, पडदाच बघावा लागतो. घरात दोन-तीन जण गाडी चालवणार असतील आणि त्यांत कोणी वयस्क असेल, तर मी पहिला प्रकार पसंत करीन.

मग ब्रेकवर पाय ठेवून डोळे मिटावेत आणि डायल डी वरून आर वर न्यावी. किती खटके लागले ते बोटांना मोजता आले का, डायल एन वर अडखळली का, घामट बोटांतून निसटली का, हे पाहावे. नंतर हात उचलून पुन्हा न बघता डायल शोधावी. एसीचा नॉब, आवाजाचा नॉब किंवा ड्राइव्ह मोडची डायल तिच्या शेजारीच असेल तर हात चुकू शकतो. हॅरियरसारख्या गाडीत रस्त्याचा प्रकार निवडायचीही गोल डायल असते; तिचा गिअरशी संबंध नाही, पण एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. असाच घोटाळा मर्सिडीजमध्ये होतो. आपल्या बहुतेक गाड्यांत उजवीकडची दांडी इंडिकेटरची असते आणि मर्सिडीजमध्ये उजवीकडे गिअरची असते, त्यामुळे वळताना सवयीने हात नको तिथे जातो.

यापुढची तपासणी विक्रेत्याच्या देखत आणि सपाट जागेवर करावी. ब्रेकवरचा पाय न काढता गाडी डी मध्ये ठेवून दार किंचित उघडावे. गाडी नुसती किणकिणते, पडद्यावर इशारा देते की स्वतःहून पी मध्ये जाते, हे नीट बघून ठेवावे. त्यानंतर डी मध्येच गाडी बंद करून पी आपोआप लागते का तेही पाहावे. हा उगाचचा कीस नाही. अमेरिकेत जागेवर परत येणाऱ्या लिव्हरमुळे गाडी पार्कमध्ये आहे असे समजून लोक उतरत आणि गाडी घरंगळत असे; २०१६ साली फियाट क्रायस्लरला या कारणासाठी अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने रॅम १५०० आणि डॉज ड्युरँगो या डायलच्या गाड्यांचीही चौकशी सुरू केली. दार उघडताच आपोआप पी लागण्याची सोय अशा प्रकरणांनंतर महत्त्वाची मानली गेली, पण ती प्रत्येक गाडीत असतेच असे धरून चालू नये.

चौथी पायरी : मोकळ्या जागी सराव

सराव सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एखाद्या रिकाम्या सपाट जागेत, सकाळी लवकर करावा. डाव्या पायाला आधी रजा द्यावी. मॅन्युअलची सवय असलेला माणूस थांबायच्या वेळी डाव्या पायाने क्लच शोधतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागेच्या जवळ ब्रेकचे रुंद पेडल असते, आणि क्लचसारखा जोर ब्रेकवर पडला की गाडी जागच्या जागी गचकन थांबते व मागचा स्कूटरवाला डिकीवर येतो. म्हणून डावा पाय टेकूवर ठेवून द्यावा आणि ॲक्सिलरेटर व ब्रेक ही दोन्ही कामे उजव्या पायानेच करावीत.

गिअर बदलण्याचा क्रम असा ठेवावा. गाडी पूर्ण थांबवावी. ब्रेक दाबून धरावा. डायल फिरवावी. पडद्यावरचे अक्षर वाचावे, सुरुवातीचे काही दिवस मोठ्याने वाचावे. त्यानंतरच ब्रेक हळूहळू सोडावा. अक्षर वाचण्याची पायरी गाळण्याचा मोह लवकर होतो, कारण डायल बहुतेक वेळा बरोबरच चालते. परंतु ब्रेक पुरेसा दाबला नसेल किंवा गाडी अजून सरकत असेल, तर संगणक मागणी नाकारतो आणि गाडी आधीच्याच गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये राहते. मागे जायचे म्हणून रेस द्यावी आणि गाडी पुढे जावी, असा अपघात याच गाळलेल्या पायरीतून होतो.

विजेच्या गाडीत आणखी एक गोष्ट मुद्दाम घोकावी लागते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. मॅन्युअलमध्ये गिअरमध्ये असताना क्लच सोडून उतरायला गेलो तर गाडी आचका देऊन बंद पडते. ते बंद पडणे एका अर्थी संरक्षणच असते. विजेची गाडी बंद पडत नाही. ती डी मध्ये गप्प उभी राहते आणि पायाचा धक्का लागला की निघते. राजेंद्र नगरातल्या एका काकांनी यावर घरगुती तोडगा काढला आहे. गाडी थांबली की काकू विचारतात, “अहो, पी?” आणि काका पडद्याकडे बघून “पी” म्हणाल्याशिवाय कोणी सीटबेल्ट सोडत नाही. आम्ही हसतो, पण तोडगा चोख आहे.

सरावाचा शेवट तीन टप्प्यांच्या वळणाने करावा. दोन वीटा ठेवून अरुंद गल्ली आखावी आणि डी, आर, पुन्हा डी असे करीत गाडी फिरवावी. मॅन्युअलचा चालक गाडी पुरती थांबण्याआधीच लिव्हर रिव्हर्सकडे नेऊ लागतो. डायलच्या गाडीत मागणी आणि अंमलबजावणी यांत किंचित वेळ जातो, तेवढा धीर धरायला या सरावाने शिकता येते. मागचा कॅमेरा असेल तर त्याचे चित्र आले की रिव्हर्स पडला, ही दुसरी खूण मिळते.

गर्दीत

राजवाड्यामागच्या बाजारात किंवा छावणीत मॅन्युअल गाडी म्हणजे डाव्या गुडघ्याची परीक्षा असते, आणि गुडघेदुखी असलेल्याने केवळ या कारणासाठी ऑटोमॅटिक घेतली तरी तो निर्णय शहाणपणाचा आहे. पण ऑटोमॅटिकचीही पथ्ये आहेत. एएमटी किंवा डीसीटी असेल तर चढावर नुसती रेस देऊन गाडी धरून ठेवू नये. त्याने क्लच तापतो. ब्रेकने धरावी. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदमच पुढे जावे. सिग्नलला दर वेळी एन मध्ये जाण्याची गरज नसते. डी मध्ये ब्रेक दाबून थांबले तरी चालते. थांबणे फार लांबले तर पी, किंवा पी नसल्यास एन आणि हँडब्रेक.

मॅन्युअलवाल्यांचा दोष याच्या उलट असतो. ते सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच अर्धा दाबून उभे राहतात आणि मग क्लच प्लेट लवकर गेली म्हणून गॅरेजवाल्याला बोल लावतात. न्यूट्रल करावे आणि क्लचवरून पाय पूर्ण काढावा.

चढ, उतार आणि घाट

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. ओंकारेश्वरला किंवा महेश्वरला जायचे म्हणजे पठार सोडून निमाडात उतरणे आले. खंडव्याच्या वाटेवर भेरू घाट लागतो आणि महूकडून महेश्वरला उतरताना जाम घाट. गिअरची पद्धत कोणतीही असो, तिची खरी ओळख इथे होते.

मॅन्युअलचा नियम जुन्या चालकांनी एका वाक्यात सांगून ठेवला आहे : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे खेचते आणि ब्रेकला विसावा मिळतो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलवर घाट उतरणारे लोक अजूनही आहेत. त्यांची समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहते. म्हणजे न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही, आणि अखंड ब्रेक दाबल्यामुळे ब्रेक तापून निकामी व्हायची वेळ येते ती वेगळीच. मानपूरच्या पुढे गणपती घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरकरांनी पुष्कळ वाचल्या आहेत.

ऑटोमॅटिकमध्ये घाट उतरताना नुसत्या डी वर विसंबू नये. लिव्हर एम (मॅन्युअल) कडे नेऊन किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर मागावा. डायलच्या पेट्रोल-डिझेल गाडीत ही सोय पॅडलने मिळते की डायलच्या एस स्थितीने, हे घाटात शिरण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. विजेच्या गाडीत हे काम रीजनचे, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगचे. त्याची पातळी वाढवली की मोटरच जनित्रासारखी चालते, गाडी मंदावते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते आणि रीजन कमी लागते. घरून शंभर टक्के चार्ज करून निघालेल्या आणि लगेच उतारावर लागलेल्या चालकाला हे अचानक जाणवते. म्हणून घाटाच्या दिवशी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर निघणे बरे. तिथे एन वर जाण्याचा मोह तर मुळीच नको, कारण एन मध्ये रीजन बंद होते.

चढावर थांबून पुन्हा निघण्याची रीत मॅन्युअलमध्येच शिकण्यासारखी आहे, आणि घरातल्या तरुणांना ती आवर्जून शिकवावी. हँडब्रेक ओढलेला ठेवावा, पहिला गिअर टाकावा, किंचित रेस द्यावी आणि क्लच अगदी सावकाश सोडत यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट जराशी उचलल्यासारखी होते आणि स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. पाय तिथेच थांबवावा, हँडब्रेक सोडावा. गाडी मागे जात नाही. मग रेस वाढवत क्लच पूर्ण सोडावा. मोटारीच्या परवान्यात आपल्याकडे गिअरची आणि बिनगिअरची असा भेद नाही, तो दुचाकीत आहे. त्यामुळे केवळ ऑटोमॅटिकवर शिकलेल्या मुलाला उद्या कायद्याने कोणतीही मॅन्युअल गाडी चालवता येते, पण हातापायांनी येत नाही. घरात एखादी जुनी मॅन्युअल असेल तर मुलांचे शिकणे होईपर्यंत ती विकू नये, असे मी सुचवीन.

गाडी उभी करताना

पी असलेल्या गाडीतही क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण थेट पी लावतात आणि ब्रेक सोडतात. उतारावर असे केले की गाडीचे सारे वजन त्या लहानशा खुंटीवर येते, आणि निघताना पी सोडवताना खट् असा मोठा आवाज होतो. योग्य क्रम असा : ब्रेकवर पाय ठेवून एन करावे, पार्किंग ब्रेक लावावा, पायाचा ब्रेक सैल करून गाडी पार्किंग ब्रेकवर विसावू द्यावी, पुन्हा ब्रेक दाबून पी लावावे आणि गाडी बंद करावी. निघताना आधी पी मधून बाहेर यावे आणि नंतर पार्किंग ब्रेक सोडावा.

आपल्या सोसायट्यांमध्ये आणि बाजारातल्या पार्किंगमध्ये एक प्रथा आहे. दुसऱ्याच्या गाडीमागे गाडी लावायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक सोडून ठेवायचा, म्हणजे अडलेला माणूस ती ढकलून बाजूला करील. डायलच्या ज्या गाडीत बंद करताच पी आपोआप लागते तिथे हे जमत नाही. चार जणांनी ढकलली तरी ती हलत नाही आणि शेवटी वॉचमन घराची बेल वाजवतो. बहुतेक अशा गाड्यांत बंद करूनही एन मध्ये ठेवण्याची काहीतरी खास रीत दिलेली असते, जी मुख्यतः धुलाई केंद्रासाठी असते. ती पुस्तिकेत शोधून ठेवावी. सोसायटीत अशी रांगेची पार्किंग अटळ असेल, तर गाडी निवडतानाच हा मुद्दा जमेस धरावा. विक्रेता तो आपणहून काढणार नाही.

बंद पडली तर

मॅन्युअल गाडीची बॅटरी उतरली तर किल्ली ऑन करून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून दोघांकडून धक्का मारून घ्यावा आणि गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडावा. बहुधा चालू होते. ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट नाही, विजेच्या गाडीला तर नाहीच.

विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक साधी बॅटरी असते, आणि गाडी जागी होण्यासाठी तीच लागते. ती उतरली तर मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही डायल मुकी राहते, पी सुटत नाही आणि विजेवर चालणारा पार्किंग ब्रेकही सैल होत नाही. गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर याची आठवण ठेवावी, आणि ती बॅटरी कुठे आहे व तिला दुसऱ्या बॅटरीची जोड कशी द्यायची हे पुस्तिकेतून आधीच वाचून त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. काही गाड्यांत पी हाताने सोडवण्याची तरतूद असते. ती वापरण्यापूर्वी चाकांना दगड लावणे सक्तीचे समजावे, कारण खुंटी सुटताच गाडी मोकळी होते.

ऑटोमॅटिक किंवा विजेची गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोरी बांधून ओढणाऱ्या क्रेनला नकार द्यावा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये चाकांवर ओढता येते; ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोहोचत नाही, आणि विजेच्या गाडीत फिरणारी चाके मोटर फिरवून वीज निर्माण करू लागतात. चारही चाके उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवावा. फोन करतानाच गाडीचे मॉडेल, ती विजेची आहे की इंजिनाची, आणि ती पी मध्ये अडकली आहे का, हे तिन्ही सांगावे. म्हणजे चालक चाकांखाली सरकवायच्या लहान ट्रॉल्या बरोबर घेऊन येतो आणि अडकलेली गाडी फरफटत ट्रकवर चढवावी लागत नाही.